मोजलेले भात, न मोजलेला मासा

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, तंजावर आणि कुंभकोणम या दोन शहरांच्या दरम्यान, कुडमुरुट्टी नदीच्या परिसरात पापनाशम हे तालुक्याचे गाव आहे. तिरुनेलवेलीकडे ताम्रपर्णीच्या काठी याच नावाचे दुसरे क्षेत्र असल्यामुळे पुष्कळांचा गोंधळ होतो. येथे अभिप्रेत आहे ते तंजावर जिल्ह्यातील पापनाशम. गावालगत तिरुप्पालैत्तुरै येथे पालैवननाथराचे प्राचीन शिवमंदिर असून त्याच्या आवारात एक वर्तुळाकार धान्यकोठार उभे आहे. तंजावरच्या नायक राजांच्या काळात, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते बांधले गेले. त्याची उंची सुमारे ३६ फूट असून त्यात ३,००० कलम भात साठवता येई, असे सांगतात. 'कलम' हे त्या प्रदेशातील धान्य मोजण्याचे जुने माप होय.

एखाद्या राज्यव्यवस्थेने काय मोजले, कशासाठी कोठारे बांधली आणि कशासाठी वह्या घातल्या, यावरून तिला काय दिसत होते हे कळते. कावेरीच्या खोऱ्यातील प्रत्येक राजवटीला पाणी दिसले आणि भात दिसले. त्याच पाण्यातून, त्याच भाताच्या बांधांतून फिरणारा मासा मात्र तिला फारच क्वचित दिसला. हा मासा दिसेनासा कसा झाला, आणि दिसल्यावर प्रशासनाने नेमके काय केले, हा या लेखाचा विषय आहे. विषय वरवर पाहता मत्स्यशास्त्राचा वाटेल. वस्तुतः तो प्रशासनाच्या दृष्टीचा आहे.

प्रथम माशांविषयी. तंजावर भागात कार्प कुळातील बहुतेक माशांना तमिळमध्ये 'केंडै' हे नाव आहे. आपल्याकडील बाजारात मिळणारे रोहू, कटला आणि मृगळ याच कुळातील. डोंगराळ नद्यांतील बलदंड महसीरही याच कुळातला, आणि ओढ्याच्या उथळ पाण्यात चमकणारी बोटाएवढी रुपेरी मासोळीही पुष्कळदा याच कुळातली. या माशांच्या जबड्यात दात नसतात. ते घशात असतात. पुष्कळांच्या ओठांशी लहानमोठ्या मिशा असतात. शेवाळ, कुजलेला पाला, किडे, गोगलगायी असे नदीत जे जे निर्माण होते, त्यातले काही ना काही यांतील कोणाचे तरी अन्न असते. तमिळ काव्यात स्त्रीच्या चंचल नेत्रांना कयल, सेल आणि केंडै या माशांची उपमा देण्याची परंपरा फार जुनी आहे. मदुरेच्या पांड्य राजांचे राजचिन्ह मासा होते आणि तेथील देवी मीनाक्षी आहे. अर्थात कवींना जे दिसले ते राजांच्या हिशेबनिसांना दिसलेच असे नाही.

या माशांचे जीवन पुराशी बांधलेले असते. पाणी वाढू लागले की ते प्रवाहाविरुद्ध वर चढतात, काठालगतच्या नव्याने बुडालेल्या उथळ जमिनीकडे वळतात आणि तेथे अंडी घालतात. कावेरीच्या मुखाकडील प्रदेशात नदीच्या शाखा, शाखांचे कालवे, कालव्यांचे पाट आणि पाटांतून भाताची खाचरे असे पाण्याचे जाळे शेकडो वर्षे विणले गेले आहे. साहजिकच लहान केंडैसाठी भाताचे खाचर हेही नदीचेच एक अंग झाले. शेतात पाणी असेपर्यंत पिले तेथे वाढत आणि पाणी ओसरताना पाटांतून परत जात. ज्याच्या नावावर जमीन नाही अशा मजुराच्या घरी या दिवसांत कालवणाची सोय होई. ही सोय कोणत्याही वहीत नोंदलेली नव्हती. म्हणूनच ती गेली तेव्हा तिची वजाबाकीही कोठे झाली नाही.

जुन्या राजवटींनी मासा अजिबातच विचारात घेतला नव्हता असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. तमिळ प्रदेशातील मध्ययुगीन कोरीव लेखांत 'पासिपाट्टम', 'मीनपाट्टम' असे शब्द येतात. तलावातील मासेमारीच्या हक्काबद्दल घेतला जाणारा हा मक्ता होय. काही ठिकाणी या मक्त्याचे उत्पन्न त्याच तलावाचा गाळ काढण्यासाठी राखून ठेवलेले आढळते. तलावाने मासा द्यावा आणि माशाने तलावाची डागडुजी करावी, ही योजना आजच्या प्रशासकालाही विचार करायला लावणारी आहे. एक मर्यादा मात्र ध्यानात घ्यावी. मक्ता तलावाचा असे; नदी आणि कालवे यांतील मासा कोणाचाच नव्हता आणि म्हणून सर्वांचा होता.

१६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसल्यांनी तंजावर घेतले आणि पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे येथे मराठ्यांची गादी होती. १७९९ च्या तहाने प्रत्यक्ष कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीराजांच्या मृत्यूनंतर गादीही संपली. तथापि मराठी बोलणारी कारकुनी, हिशेबाची मोडी दप्तरे आणि महसुलातील मराठी घराणी या प्रदेशात दीर्घकाळ राहिली. बडोद्याचे दिवाण म्हणून आपल्याला परिचित असलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये पापनाशमपासून जवळच असलेल्या कुंभकोणमचा. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या वाचकांना या परंपरेविषयी सांगायला नको. तंजावरच्या सरस्वती महालात जतन झालेल्या मोडी दप्तरांकडे पाहिले की आपल्या लोकांनी परमुलखात किती बारकाईने हिशेब ठेवले, हे ध्यानात येते.

या मराठी राज्याच्या काळात तंजावरच्या माशांना एक अनपेक्षित हिशेबनीस लाभला. तो दरबारातला नव्हता. तंजावरच्या नायकांनी १६२० मध्ये डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना समुद्रकाठी तरंगंबाडी येथे वसाहतीस जागा दिली होती. युरोपीय तिला ट्रांकेबार म्हणत. तेथील मिशनमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रिस्टोफ सॅम्युअल योन नावाचे जर्मन पाद्री होते. त्यांना शंख-शिंपले, कीटक आणि मासे जमवण्याचा नाद होता. स्थानिक कोळ्यांकडून मिळवलेले मासे ते बर्लिनला मार्कुस एलिझर ब्लोख या वैद्याकडे पाठवीत. ब्लोख हे त्या काळातील युरोपातील अग्रगण्य मत्स्यशास्त्रज्ञ होते. समुद्रातील एका माशाच्या प्रजातीसमूहाला त्यांनी योन यांच्यावरूनच 'जोनियस' असे नाव दिले.

ब्लोख यांनी १७९५ मध्ये वर्णिलेल्या दाक्षिणात्य माशांत कार्प कुळातील एक पांढरट, मिशाळ मासा आहे. त्याचे आजचे शास्त्रीय नाव 'सिर्रिनस सिर्रोसस'. हा कावेरी खोऱ्याचा स्वतःचा मासा; गंगेच्या मृगळाचा अगदी जवळचा भाऊबंद. या माशाची कहाणी पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून वाचकांनी त्याचे नाव लक्षात ठेवावे. योन आणि ब्लोख यांच्या उद्योगाकडे प्रशासकीय दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट जाणवते. मोजण्याची पहिली पायरी नाव देणे ही असते, आणि कावेरीच्या माशांना शास्त्रात नाव मिळाले ते कोणत्याही सरकारच्या आदेशाशिवाय, एका पाद्र्याच्या छंदातून.

आता कंपनीच्या अभियंत्यांकडे वळू. तिरुचिरापल्लीच्या वरच्या अंगाला मुक्कोंबू येथे कावेरी दोन प्रवाहांत विभागते. उत्तरेकडील कोळ्ळिडम सरळ आणि खोल वाहतो. दक्षिणेकडील कावेरी संथ आणि गाळाने भरत जाणारी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोळ्ळिडमकडे अधिकाधिक पाणी जाऊ लागले आणि तंजावरची शेती धोक्यात आली. त्याहीपूर्वी याच अडचणीवर उपाय म्हणून प्राचीन कल्लणै बांधलेले होते. परंपरा त्याचे श्रेय करिकाल चोळाला देते. कंपनीच्या मद्रास अभियंता दलातील आर्थर कॉटन यांनी या जुन्या बांधकामाचा अभ्यास केला आणि १८३६ च्या सुमारास कोळ्ळिडमवर दोन बंधारे घातले. वरचा मुक्कोंबूला, खालचा कुंभकोणमच्या उत्तरेकडील अणैकरै येथे. तमिळ 'अणैकट्टु' या शब्दाचेच इंग्रजी दप्तरात 'अनिकट' झाले. वरच्या बंधाऱ्याने पाणी पुन्हा कावेरीकडे वळले, पापनाशमसारख्या तालुक्यांत सिंचन स्थिर झाले, भाताचे उत्पन्न आणि त्यासोबत सरकारचा महसूल वाढला. कॉटन यांची कीर्ती झाली आणि पुढे गोदावरी व कृष्णा या नद्यांवरही अनिकट उभे राहिले.

इथपर्यंतची कथा सिंचनाच्या प्रत्येक इतिहासात सापडते. पुढची फारशी सांगितली जात नाही. १८६७ मध्ये, म्हणजे कोळ्ळिडमचे काम होऊन सुमारे तीस वर्षे लोटल्यावर, सर आर्थर कॉटन यांनीच सरकारचे लक्ष एका गोष्टीकडे वेधले. समुद्रातून नदीत अंडी घालण्यासाठी चढणाऱ्या माशांची वाट नद्यांवर आडव्या घातलेल्या बंधाऱ्यांमुळे अडते आणि त्यामुळे किनाऱ्यावरील मासेमारीची हानी होण्याचा संभव आहे, अशी ती सूचना होती. अनिकटांचा कर्ताच अनिकटांच्या दुष्परिणामांविषयी विचारणा करीत होता. प्रशासनाच्या इतिहासात अशी उदाहरणे मोजकीच असतील.

कॉटन यांच्या मनात प्रामुख्याने हिलसासारखे समुद्रातून येणारे मासे होते; हिलसा कार्प कुळातला नव्हे. तथापि बंधाऱ्याच्या पायथ्याशी जे घडते ते दोघांच्याही बाबतीत सारखेच असते. वर चढू पाहणारा मासा भिंतीशी येऊन थांबतो, तेथे त्याची दाटी होते आणि ती दाटी जाळ्यांना अलगद सापडते. कालव्यांतला कार्प आणखी एका पेचात सापडतो. पाणी सोडले की तो कालव्यात शिरतो. पाणी बंद झाले की डबक्यांत अडकतो. जेथे पूर्वी नदी हळूहळू ओसरे, तेथे आता दरवाजा एका आदेशाने बंद होऊ लागला.

सरकारने या सूचनेवरून चौकशी करण्याचे ठरवले आणि काम मद्रास सैन्यातील शल्यवैद्य फ्रान्सिस डे यांच्याकडे आले. डे यांनी नद्या पाहिल्या, बाजार पाहिले आणि देशभरातील जिल्हाधिकारी व तहसीलदार यांच्याकडून प्रश्नावलीची उत्तरे मागवली. आपल्या जिल्ह्यात कोणते मासे मिळतात, ते वाढले की घटले, जाळ्यांची भोके केवढी असतात, पिलांना मारले जाते काय, अशा स्वरूपाचे हे प्रश्न होते. १८७३ मध्ये त्यांचा भारत आणि ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या माशांविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि १८७५ ते १८७८ या काळात त्यांचा भारतीय माशांवरील विख्यात ग्रंथ. बारीक भोकांची जाळी, शेतांच्या बांधांवर लावलेले सापळे, पाण्यात कालवलेले वनस्पतींचे विष आणि बंधाऱ्यांच्या पायथ्याशी होणारी कत्तल या सर्वांची नोंद डे यांनी घेतली. बंधाऱ्यांत माशांसाठी वाटा ठेवाव्यात, असेही त्यांचे म्हणणे होते. याच काळात दक्षिण कानडा जिल्ह्याचे जिल्हाधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस हेही महसीर आणि त्याच्या पिलांच्या रक्षणाविषयी अहवाल लिहीत होते. तहसील कचेरीतून माशांविषयी लेखी उत्तर जाण्याची ही बहुधा पहिलीच मोठी वेळ असावी.

अहवाल झाले, कायदा व्हायला मात्र दीर्घ काळ लागला. कॉटन यांच्या सूचनेनंतर बरोबर तीस वर्षांनी, १८९७ मध्ये, भारतीय मत्स्योद्योग अधिनियम, म्हणजे त्या वर्षीचा चौथा कायदा, संमत झाला. कायदा अगदी लहान आहे. कलम ४ नुसार पाण्यात स्फोटके वापरून मासे मारणे हा गुन्हा ठरला. कलम ५ नुसार पाण्यात विष घालणे हा गुन्हा ठरला. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड. कलम ६ ने प्रांतिक सरकारांना निवडक पाण्यांसाठी नियम करण्याचा अधिकार दिला: मासे पकडण्याचे पक्के सापळे, आडवे बांध, जाळ्यांचे प्रकार आणि त्यांची मापे यांवर नियंत्रण, आणि जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत मासेमारीस बंदी.

हा कायदा प्रशासकाने सावकाश वाचावा असा आहे. तक्रार कशाविषयी होती? सरकारने बांधलेल्या बंधाऱ्यांविषयी. कायद्याने हात कोणाचा धरला? सुरुंग, विष आणि सापळे वापरणाऱ्याचा. नव्या धरणात माशांसाठी वाट ठेवावी, पाणी एकदम बंद करू नये, कालवा बंद करण्यापूर्वी मासेमारांना कळवावे, असे कोणतेही कर्तव्य या कायद्याने सरकारी अभियंत्यावर टाकले नाही. डायनामाइटने मासे मारणे निषिद्धच असले पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु चौकशी एका प्रश्नाची सुरू व्हावी आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे मिळावे, हा अनुभव शासनात नवा नाही. जो दुर्बल असतो त्याच्यावर नियम करणे सोपे असते. पाटबंधारे हे महसुलाचे मूळ होते, आणि विष कालवणारा आदिवासी किंवा गरीब कोळी कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हता.

मद्रास प्रांताने पुढे एक चांगले पाऊल टाकले. ग्रामीण पतपुरवठ्यावरील अहवालामुळे आणि सहकारी चळवळीच्या पायाभरणीमुळे प्रसिद्ध झालेले सर फ्रेडरिक निकल्सन या सनदी अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रांताच्या मत्स्योद्योग खात्याची उभारणी केली. त्याच काळात कोळ्ळिडमवर हिलसाच्या कृत्रिम प्रजननाचे प्रयोग झाले. आता माशांसाठी स्वतंत्र खाते होते. परंतु येथेच दुसरी गुंतागुंत निर्माण झाली. नदी सार्वजनिक बांधकाम खात्याची, मासा मत्स्योद्योग खात्याचा. आपल्या राज्यघटनेतही 'पाणी' आणि 'मत्स्योद्योग' हे दोन्ही विषय राज्यसूचीतच असले, तरी वेगवेगळ्या नोंदींखाली आहेत, अनुक्रमे १७ आणि २१. वर्गीकरण म्हणून ते योग्यच आहे; पण माशाला ते वर्गीकरण माहीत नसते.

१९३४ मध्ये मेत्तूरचे धरण पूर्ण झाले. तेव्हापासून तंजावरच्या शेतीचे वर्ष धरणाच्या दरवाजांवर चालते. १२ जून हा पाणी सोडण्याचा रूढ दिवस आहे. पाऊस चांगला नसला तर तो पुढे जातो. पूर्वी पश्चिम घाटातील पावसाने ठरणारा पुराचा मुहूर्त आता आदेशाने ठरू लागला. मेत्तूरनंतर कावेरीतील हिलसा जवळजवळ संपला. नदीतील कार्प मात्र एकाएकी संपले नाहीत. त्यांचे क्षीण होणे सावकाश होते आणि म्हणून ते कोणाच्या डोळ्यांत आले नाही.

१९६०-६१ मध्ये सघन कृषी जिल्हा कार्यक्रम सुरू झाला आणि पहिल्या काही जिल्ह्यांत तंजावरची निवड झाली. सुधारित बियाणे, रासायनिक खते, कीटकनाशके आणि पतपुरवठा यांची एकत्रित जोड देऊन भाताचे उत्पादन वाढवायचे, अशी ही योजना होती. देश तेव्हा अन्नधान्याच्या तुटवड्यात होता, हे विसरून या कार्यक्रमाचे मूल्यमापन करता येणार नाही. तथापि त्या काळातील पुष्कळ कीटकनाशके माशांना अत्यंत घातक होती. खाचरात वाढणारी केंडैची पिले ज्या पाण्यात राहत, त्याच पाण्यात फवारा पडत होता. भाताचे हेक्टरी उत्पादन दर हंगामात मोजले गेले. खाचरातील मासा किती गेला हे मोजण्यासाठी कोणत्याही तक्त्यात रकाना नव्हता.

याच सुमारास माशांच्या बाजूनेही एक मोठी घटना घडली होती. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय कार्पचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. पुराची वाट न पाहता, संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन रोहू, कटला, मृगळ यांची अंडी आणि पिले हवी तितकी मिळू लागली. हा दिवस आज देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो, आणि तो सन्मान सार्थच आहे. स्वस्त माशाचे ताट लक्षावधी घरांत गेले ते या शोधामुळे. प्रशासनालाही आता मोजण्यासारखे काही मिळाले: मत्स्यबीज किती लाख, तलाव किती हेक्टर, उत्पादन किती टन. कन्याकुमारीपासून आपल्या मराठवाड्यातील पाझर तलावांपर्यंत उत्तरेकडील या तीन माशांची पिले पोहोचली.

आणि येथेच आपला तो मिशाळ 'सिर्रोसस' पुन्हा भेटतो. गंगेच्या मृगळाला १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी वेगळे नाव दिले होते. पुढे काही अभ्यासकांनी मृगळ आणि कावेरीचा मासा यांना एकच मानले. काही अभ्यासक त्यांना भिन्न मानतात. परिणाम असा झाला की तळ्यात वाढवलेला लक्षावधी टन मृगळ पुष्कळ दप्तरांत कावेरीच्या माशाच्या नावावर जमा होतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या सूचीत 'सिर्रिनस सिर्रोसस' असुरक्षित वर्गात आहे, आणि मत्स्योत्पादनाच्या तक्त्यांत तेच नाव भरभराटीचे म्हणून झळकते. एका नावाखाली दोन खाती, एक बुडीत आणि एक नफ्याचे. बेरीज मात्र एकच. कोणताही लेखापरीक्षक अशा हिशेबावर आक्षेप घेईल.

नावाच्या या प्रश्नाचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. १८२४ पासून पुढे काही वर्षे मुंबई सरकारच्या सेवेत कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे सांख्यिकी अधिकारी होते. दख्खनची लोकसंख्या, शेती आणि हवामान यांची माहिती गोळा करणे हे त्यांचे काम. ते करताना त्यांनी भीमा, मुळा-मुठा आदी नद्यांतील मासेही टिपले आणि १८३९ च्या सुमारास त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. त्यांचा विशेष असा की त्यांनी पुष्कळ माशांना स्थानिक नावेच दिली. 'खुद्री', 'कोलुस', 'नुक्टा', 'मुल्या' ही दख्खनच्या नदीकाठी ऐकलेली नावे लॅटिन रूप घेऊन आजही जगभरच्या ग्रंथांत आहेत. दख्खनचा महसीर शास्त्रात 'टॉर खुद्री' म्हणून ओळखला जातो तो यामुळे. माणसे मोजायला नेमलेल्या अधिकाऱ्याने मासेही मोजले, म्हणून त्यांची ओळख टिकली.

हाच खुद्री पुढे कावेरीला गेला. महाराष्ट्राचे मत्स्योद्योग संचालक राहिलेले सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास या महसीरचे कृत्रिम प्रजनन साधले आणि टाटा वीज कंपनीच्या लोणावळ्याच्या केंद्रात त्याची पिले मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. महसीर देशभर घटत होता. ही पिले ठिकठिकाणच्या नद्यांना देण्यात आली. कर्नाटकातील कावेरीतही ती सोडली गेली. हेतू सर्वथा चांगला होता. परंतु कावेरीचा स्वतःचा एक महसीर होता: पाठीला उंचवटा असलेला, केशरी पंखांचा, जगातील सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. गळाने मासे धरून पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या हौशी मंडळींच्या शिबिरांत १९९८ ते २०१२ या काळात ठेवल्या गेलेल्या नोंदी संशोधकांनी नंतर तपासल्या, तेव्हा दिसले की निळसर पंखांचा पाहुणा वाढत गेला आणि हा मूळ रहिवासी जवळजवळ नाहीसा झाला. या माशाला निश्चित शास्त्रीय नाव, 'टॉर रेमादेवी', जोडले गेले ते २०१८ मध्ये. त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त वर्गात झाली.

या घटनेत आपल्याला उपयोगी पडणारी गोष्ट अशी की हा ऱ्हास कळला तो कोणत्याही खात्याच्या अहवालातून नव्हे. काही हौशी लोकांनी वर्षानुवर्षे ठेवलेल्या साध्या वहीतून तो कळला. वही नसती तर 'कावेरीत महसीर भरपूर आहे' हे विधान खरेच ठरले असते.

मोजल्याशिवाय राखलेच जात नाही असे मात्र कोणी समजू नये. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. तेथील महसीर देवीचे मानले जातात आणि कोणी त्यांना धरीत नाही. त्या डोहासाठी ना नोंदवही आहे ना निरीक्षक. परंतु श्रद्धा एक डोह राखू शकते. डोहाच्या वरचे आणि खालचे पाणी राखायला शासनच लागते.

मग करावे काय? मोठ्या योजनांपेक्षा काही साध्या गोष्टी अधिक उपयोगी ठरतील. पहिली, नदी आणि कालव्यातील माशांची नोंद तळ्यातील उत्पादनापासून वेगळी, जातवार आणि स्थानिक नावांसह ठेवावी. तमिळनाडूत केंडैच्या प्रकारांनी, आपल्याकडे कोळी आणि भोई ओळखतात त्या नावांनी. दुसरी, कालवा बंद करण्याच्या वेळापत्रकावर पाटबंधारे आणि मत्स्य अशा दोन्ही खात्यांची सही असावी. पाणी टप्प्याटप्प्याने उतरवून काही खोल डोह राखता येतात. तिसरी, एका खोऱ्याचे बीज दुसऱ्या खोऱ्याच्या नदीत सोडण्यापूर्वी तेथे मूळचे कोण आहे, हे लेखी विचारले जावे. चौथी, जुने बंधारे नव्याने बांधताना माशांच्या वाटेचा प्रश्न पहिल्या आराखड्यातच यावा. २२ ऑगस्ट २०१८ रोजी मुक्कोंबू येथील कोळ्ळिडमवरच्या जुन्या बंधाऱ्याचे नऊ दरवाजे पुरात वाहून गेले आणि त्यानंतर तेथे नवा बंधारा उभारला गेला. शंभर-दीडशे वर्षांतून एकदा येणारे असे प्रसंग म्हणजे जुना प्रश्न पुन्हा विचारण्याची संधीच होय.

महाराष्ट्राने १९६० च्या मत्स्यव्यवसाय अधिनियमाने स्वतःचा कायदा केला आणि इतर राज्यांनीही आपापल्या परीने नियम केले. पण बहुतेक ठिकाणी कायद्याचा रोख जाळ्याकडेच राहिला. भिंतीकडे तो वळवायचा असेल तर त्यासाठी नव्या कलमापेक्षा एक जुनी वृत्ती अधिक उपयोगी पडेल. १८६७ मध्ये कॉटन यांचे वय चौसष्ट होते. बंधारे यशस्वी झाले होते, महसूल वाढला होता, कोणी त्यांच्याकडे खुलासा मागितला नव्हता. तरीही आपल्या कामामुळे कोणाचे काय बुडाले असेल, हे त्यांनी स्वतःहून विचारले. त्यांच्या प्रश्नाला पुरेसे उत्तर मिळाले नाही, हा दोष नंतरच्यांचा. यशस्वी ठरलेल्या योजनेच्या फाइलवर असा एक प्रश्न लिहून ठेवण्याची सवय प्रत्येक अधिकाऱ्याने लावून घेतली, तर कावेरीच्या केंडैचे आणि आपल्या भीमा-कृष्णेच्या माशांचे भले होईल. आणि ज्यांची नावे कोणत्याच तक्त्यात नाहीत अशा माणसांचेही.